हजार नऊ पानांची पंगत

एका गावात एक रंभाजीअण्णा होता. दिसायला मुठीएवढा, पण गावजेवणाच्या पंगती मांडाव्यात त्यानेच. ओळी दोरीसारख्या सरळ आणि प्रत्येक ओळीत पानं सारखी. एका ओळीत जरी पान कमी-जास्त झालं तर अन्नाचा अपमान होतो, असं ते गाव मानायचं. असल्या समजुती भरल्या पोटीच सुचतात, पण गावापुढे कोण बोलणार!

एका वर्षी देवळावर कळस चढला आणि जेवायला माणसं आली हजार नऊ. अण्णाने सात ओळी केल्या, एक माणूस उरलं. सगळ्यांना उठवून आठ केल्या, एक उरलं. नऊ केल्या, बारा केल्या, तरी एक उरलंच. उरायची ती तान्हूबाई. म्हातारीचे गुडघे असे, की उठून पुन्हा जागा धरेपर्यंत ओळी भरलेल्या. चिडून अण्णाने अकरा ओळी केल्या, तर आठ उरले.

आमटी निवायला लागली, पोरं रडकुंडीला आली. पाटील म्हणाले, म्हातारीला काहीतरी बांधून द्या आणि वाटेला लावा, हजार आठ माणसं झटक्यात बसतील. अण्णाच्याही मनात तेच आलं होतं. आजवर त्याची पंगत कधी चुकली नव्हती.

तान्हूबाईला ते कळलं. पदर सावरत ती म्हणाली, "मी जाते रे लेकरा. मला तशीही भूक कमीच."

खोटं बोलत होती. नजर आमटीच्या पातेल्यावरून हलत नव्हती. अण्णाने तिचा हात धरला, तो त्याला सोडवेना.

इतक्यात शाळेचे गुरुजी फरशीवर कोळशाने भागाकार करून उठले. धोतर पार काळं झालेलं.

"अण्णा, एकतीसपर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं. त्यापुढच्या कुणाचा भाग गेला असता, तर ज्याने त्याला गुणून हजार नऊ होतात, तो धाकटा जोडीदार आधीच सापडला असता. या आकड्याला कशानेच भाग जात नाही."

"म्हणजे ओळी होणारच नाहीत?"

"होतील की. एकेका माणसाची ओळ करा, नाहीतर सगळ्यांची मिळून एकच."

गुरुजींनी थट्टा केली होती. अण्णा मात्र दोरी घेऊन निघाला.

देवळापासून निघालेली ओळ पाटलांच्या दारावरून, कुंभारआळीतून, विहिरीला वळसा घालून थेट ओढ्यापर्यंत गेली. पाटलांची ओळ नेहमी पहिली आणि कुंभारांची शेवटची असायची. आज पहिली-शेवटची म्हणायला दुसरी ओळच नव्हती. सावकार आणि चांभार मांडीला मांडी लावून बसले. वाढप्यांचे पाय मोडायची वेळ आली, ते अण्णाला मनसोक्त शिव्या देत धावत होते.

तान्हूबाईला जागा मिळाली ती नेमकी पाटलांशेजारी. वारा सुटला होता, तिचं पान सारखं उडू बघत होतं. पाटील आधी तोंड फिरवून बसले. मग त्यांनी डाव्या हाताने तिच्या पानाची कड धरली आणि म्हातारीचा शेवटचा घास होईतो सोडली नाही.

तात्पर्य, पोरांनो आणि थोरांनो: एक माणूस उरत असेल, तर माणूस उठवू नये, पंगत नव्याने मांडावी.