उस्तादांची साक्ष

“माझ्या चालवण्यात खोट काढून दाखवा, उस्ताद. एक खोट!”

सिद्राम बिराजदारचा आवाज चढला होता. समोर दस्तगीर मुजावर कट्ट्यावर बसून दोरीला पीळ घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पोलीस खात्यात गाडी शिकवणारे ते उस्ताद. जिल्ह्यातल्या निम्म्या पोलीस चालकांनी स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते त्यांच्या शिव्या खात. निवृत्तीनंतर ते गावाबाहेरच्या पिराच्या दर्ग्याशेजारी दोन खोल्यांत राहत होते. सकाळी दर्गा झाडायचा, संध्याकाळी दिवा लावायचा, एवढंच काम उरलं होतं. उजवा पाय कधीकाळी जीपखाली सापडला, तेव्हापासून काठी हातात आली. पण खात्यात अजून त्यांच्या शब्दाला वजन होतं. दस्तगीर उस्ताद ‘बरोबर’ म्हणाले की साहेब लोकही पुढं विचारत नसत.

सिद्रामला तो एकच शब्द हवा होता. सोमवारी त्याची चौकशी होती. उस्ताद येऊन ‘पोरानं गाडी बरोबर चालवली’ एवढं बोलले तर नोकरी राहणार होती. नाहीतर सगळ्या कमाईवर पाणी.

अंगणात, कडुनिंबाखाली, उस्तादांची बायको चांदबी चाची पांढरी चादर अंथरून शेवया वाळत घालत होती. ईद तोंडावर आली होती. येताना सिद्राम त्या चादरीला चांगला लांबून वळसा घालून आला होता. वर थट्टेनं म्हणालाही होता, “चाची, शेवयांना धक्का लागला तर तुम्ही मला जिता सोडायच्या न्हाई.” चाची हसली होती आणि तिनं चहा टाकला होता.

आता तो चहा पोटात गेला होता आणि हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

“रस्ता काढ,” उस्ताद म्हणाले.

सिद्राम उकिडवा बसला. काटकीनं मातीत रेघ ओढली. हे काम त्याला आवडायचं.

“ही नाकाबंदी. मोटारसायकलवाला थांबला न्हाई. मी मागं लागलो.”

“का पळाला?”

“लायसन नव्हतं त्याच्याकडं.”

“आणि?”

“आणि काय? काही न्हाई.”

“पुढं.”

“पुढं हे पुलाचं वळण.”

“गियर?”

“तिसरा.”

“ब्रेक?”

“वळणाच्या आधी मारला. वळणात पायसुद्धा लावला न्हाई. तुम्ही शिकवलंय तसंच.”

“बरोबर,” उस्ताद म्हणाले.

सिद्रामच्या छातीवरचा दगड उतरला. पाहिजे होता तो शब्द निघाला होता. काटकी आता झरझर चालू लागली.

“वळण संपलं तशी मी पुन्हा दाबली. तो मधूनच उजवीकडं सरकत गेला. मग मी डावीकडनं काढली. पुढं जाऊन आडवी घालायची, की खेळ खलास. घातलीच असती उस्ताद, पण...”

“पण?”

“मयत तिथं उभी हुती.”

दोरीचा पीळ थांबला.

“मयत उभी कशी राहील, सिद्राम?”

“म्हणजे... ती बाई. स्कूटीवाली. कागदात तसंच लिहितात.”

“मोटारसायकलचा नंबर काय हुता?”

“सत्तेचाळीस बारा.” विचारल्याबरोबर आलं.

“बाईचं नाव?”

सिद्रामनं तोंड उघडलं. नाव आलं नाही. कागदावर वाचलं होतं, एकदा नव्हे, कितीदा. आरोग्य केंद्राची आशा सेविका होती, गुलाबी साडीत होती, हे आठवत होतं. तिचा नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून तेच नाव पुन्हा पुन्हा घेत होता, हेही आठवत होतं. ऐन वेळी नाव मात्र जिभेवर येईना. त्याची त्यालाच शरम वाटली.

“कलावती,” चाची चादरीवरून म्हणाली. “कलावती म्हेत्रे. आमच्या सुनेला बाळंतपणाला तिनंच दवाखान्यात न्हेलं हुतं. भर पावसात.”

एवढं बोलून ती पुन्हा शेवया पसरू लागली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, असं सिद्रामला वाटलं.

“कलावती तिथं कडेला का उभी हुती?” उस्तादांनी विचारलं.

“सायरन ऐकून बाजूला झाली हुती.”

“हं.”

“मला वाट द्यायला.”

“हं...”

जो पळत होता त्यानं सायरनला भीक घातली नाही. जिनं मानला, तिनं स्कूटी कडेला घेतली, एक पाय मातीत टेकला आणि पोलिसांना अख्खा रस्ता मोकळा करून दिला. आणि पोलीस कडेनंच आले.

सिद्राम उठून उभा राहिला.

“मला सांगा उस्ताद, मागच्या दिवाळीत मी दरोडेखोरांची गाडी धरली. हाच वेग. हाच सायरन. अशीच डावीकडनं काढली हुती. तवा हार घातले. पेपरात फोटो आला. साहेबांनी सगळ्यांपुढं पाठीवर थाप मारली, ‘बिराजदारच्या हातनं कुणी सुटत न्हाई’ म्हणाले. आता तेच साहेब म्हणतात, पाठलाग कर असं मी म्हटलंच नव्हतं. तवा बरोबर, मग आता चूक कशी?”

“तवा कडेला कुणी उभं नव्हतं,” उस्ताद म्हणाले. “त्यात तुझी काय कमाई?”

सिद्रामनं हातातली काटकी फेकून दिली. दर्ग्याच्या घुमटावर पारवे घुमत होते.

“वायरलेसवर कुणी काय बोललं?”

“ते... म्हणतात की ‘नंबर मिळालाय, अंतर ठेवा’ असं सांगितलं हुतं. मला ऐकू आलं न्हाई. सायरन चालू हुता.”

“बंद करायचा. ऐकायचं. पुन्हा लावायचा.”

“सायरन बंद करून पाठलाग कसला, उस्ताद?”

उस्ताद पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघू लागले. सिद्रामला वाटलं, आता जुन्या वेळेसारखी सणसणीत शिवी येईल. ती आली असती तर तो तिथंच त्यांच्या पायाशी बसला असता.

शिवी आली नाही.

“तो मोटारसायकलवाला सापडला कुठं?”

हा प्रश्न सिद्रामला नको होता. जबाब घेतानाही कुणी तो विचारला नव्हता.

“घरी.”

“कसा?”

“दुसऱ्या दिवशी आपले दोन शिपाई गेले. नंबरावरनं पत्ता काढून.”

“गाडी घेऊन?”

“चालत. बाजारातच हाय घर. दारात बसून चहा पीत हुता म्हणे.”

“पळाला?”

“न्हाई... त्यांनाही चहा इचारला.”

चाचीच्या हातातली शेवयांची लड मध्येच थांबली. मग तिनं ती हळूच चादरीवर ठेवली.

सिद्रामला आता फार बोलायचं नव्हतं. आलो त्या कामाचं बोलावं आणि निघावं, असं त्यानं ठरवलं.

“उस्ताद, ते झालं ते झालं. माझ्यानं का ती बाई परत येणार हाय? माझी दोन लेकरं हायत. तुम्ही एक शब्द टाका. तुम्ही आत्ताच म्हणालात की, बरोबर म्हणून. तेच सोमवारी सायबांपुढं म्हणा. खोटं बोला असं मी म्हणत न्हाई.”

उस्तादांनी दोरी बाजूला ठेवली.

“टोपी बघू तुझी.”

सिद्राम खुलला. उस्ताद विरघळले म्हणायचे! त्यानं टोपी काढून अदबीनं त्यांच्या हातात दिली. उस्तादांनी ती उलटी केली. आतल्या पट्टीवर शाईनं लिहिलं होतं, ‘बिराजदार’. त्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

आणि टोपी काखेत मारून ते कट्ट्यावरून उतरले, काठी तिथंच टाकून, दर्ग्याच्या दिशेनं पळत सुटले.

पळत म्हणजे काय, फरपटत. एक पाय पुढं, दुसरा मागून ओढत. एक हात हवेत. म्हातारं माणूस, अंगात झब्बा, चादरीला वळसा घालून चाललेलं. बघणाऱ्याला हसू आलं असतं.

सिद्रामलाही आलं. पण हसायच्या आधी पाय उठले. ते त्याच्या रक्तातच होतं. समोर कुणी पळालं की सिद्राम मागं. त्यानं वळसा घातला नाही. नाकासमोर निघाला आणि दोन ढांगांत अंगण ओलांडलं. उस्ताद दर्ग्याच्या पायरीपाशीसुद्धा पोचले नव्हते, त्याआधी त्यानं त्यांचा दंड धरला.

“धरलं! उस्ताद, बिराजदारच्या हातनं कुणी सुटत...”

कुणीच हसत नव्हतं.

उस्ताद त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याच्या मागं बघत होते. सिद्राम वळला.

पांढऱ्या चादरीवर बुटाचे दोन ठसे होते, चांगले खोल, मातीचे. एक मधोमध उमटला होता. तिथल्या शेवयांचा भुगा झाला होता. दुसरा कडेला होता.

कडेला चाची बसली होती. तो धावत येताना बघून तीच तिकडं सरकली होती. त्याला वाट द्यायला.

तिनं उजवा हात छातीशी धरला होता. बोटांवर टाचेची माती होती आणि एका नखाखाली रक्त जमू लागलं होतं.

“चाची... लागलं?”

“न्हाई,” ती म्हणाली. डाव्या हातानं ती चुरा गोळा करू लागली.

सिद्राम खाली बसला. चुरा भरायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. कशाला हात लावावा ते त्याला कळेना. येताना एवढ्या लांबून वळसा घालून आलो होतो, चादर माहीत होती, चाची माहीत होती. मग आता दिसली कशी नाही? गुलाबी साडीतली ती बाईही त्याला दिसली होती की काय, हे त्यानं इतके दिवस स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं. दिसली होती. लांबूनच दिसली होती. दिसूनही डोळे मोटारसायकलवरच होते.

“तुम्ही पळाला म्हणून मी...” तो पुटपुटला.

जबाबात त्यानं हेच लिहून दिलं होतं. तो पळाला म्हणून मी.



उस्ताद खुरडत कट्ट्यापाशी गेले. काठी घेतली. परत येऊन त्यांनी टोपी सिद्रामच्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी सरळ केली, परेडला उभं करताना करत तशी. त्यांना दम लागला होता.

“सोमवारी येतो मी,” ते म्हणाले. “गियर बरोबर, ब्रेक बरोबर, वळण बरोबर. सगळं सांगतो. तुझ्या बाजूनं उभा राहतो.”

सिद्रामनं मान वर केली. हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याला ते घेववत नव्हतं.

“एकच गोष्ट तू सांगायची सायबास्नी.”

“काय, उस्ताद?”

उस्तादांनी आपला पाय काठीनं दाखवला. मग दोन खोल्यांचं घर दाखवलं, आणि मग त्याच्या डोक्यावरची टोपी.

“एक पाय लंगडा. राहायला ही जागा. टोपीत नाव तुझं... मी पळून जाणार कुठं हुतो, सिद्राम?”