जाताना भरायची पट्टी

“पट्टी रद्द होणार नाही! नाही म्हणजे नाही!” वीरधवल महाराजांनी सिंहासनावर असा गुद्दा मारला की शेजारचा पानाचा डबा उलटला.

समोर म्हाळसा उभी होती. घाटाखाली तिची खानावळ, आणि मागे पाहुण्यांना झोपायला खोल्या. महाराजांच्या राज्यात एक धबधबा होता. वारा सुटला की त्याचं पाणी खाली पडायचं सोडून वर उडायचं. ते बघायला दुरून माणसं येत, म्हाळसाच्या हातचं पिठलं-भाकरी खात आणि रात्रभर मनसोक्त घोरत. सगळं छान चाललं होतं. पण छान चाललेलं महाराजांना बघवेल तर ना! आणखी पाहुणे हवेत, म्हणून शेजारच्या मुलखात आमंत्रण द्यायला रंगवलेला हत्ती पाठवायचं ठरलं. हत्तीचा खर्च कुणी करायचा? पाहुण्यांनी! झाली मुक्कामपट्टी सुरू. पट्टीला भिऊन पाहुणे यायचे थांबले. ते थांबले म्हणून महाराजांनी दुसरा हत्ती पाठवला आणि त्याच्यासाठी पट्टी दुप्पट केली. आता राज्यात पाहुणेही नव्हते आणि हत्तीही नव्हते. हत्ती शेजारच्या राज्यातच मुक्काम ठोकून बसले होते. तिथे पट्टी नव्हती ना!

“महाराज, माझी चूल थंड पडलीय. खानावळ बुडाली तर मी खाऊ काय?”

“पाहुणे येत नाहीत ते तुझ्या पिठल्यामुळे!” महाराज म्हणाले. “पौर्णिमेला आम्ही राणीसाहेबांसह तुझ्याकडे मुक्कामाला येऊ. खानावळ गच्च भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर कुलूप! आणि पट्टीचा हुकूम जसाच्या तसा पाळायचा. त्यातला शब्द जरी कुणी बदलला, तर या त्र्यंबक कारकुनाची मिशी उतरवू!”

त्र्यंबकचा हात आपसूक मिशीवर गेला.

“तो हुकूम एकदा ऐकवाल का, महाराज?”

हुकूम महाराजांनी स्वतः रचला होता. त्यांनी छाती फुगवली. “‘मुक्काम करून जो पाहुणा जातो, त्याने जाताना पट्टी भरावी.’ कसा सुटसुटीत आहे!”

“फारच सुटसुटीत!” म्हाळसा म्हणाली. पिठल्यावरचा शेरा तिला चांगलाच झोंबला होता, तरी ती हसत हसतच घरी गेली. त्याच दिवशी तिने घाटातल्या गाडीवानांबरोबर चहूकडे निरोप धाडला: खुशाल मुक्कामाला या, पट्टी पडलीच तर ती मी भरीन!

पौर्णिमेला महाराज येऊन बघतात तर खोल्या भरलेल्या, ओसरी भरलेली, एक शास्त्रीबुवा तर गोठ्यातल्या गव्हाणीत झोपलेले! महाराज खूश झाले. सकाळी उठल्या उठल्या ते दारात पट्टीची पेटी घेऊन बसलेल्या त्र्यंबककडे गेले आणि पेटी उपडी केली. आतून एक झुरळ निघालं.

“त्र्यंबका! पट्टी कुठाय?”

“महाराज, अजून कुणी गेलंच नाही.”

तेवढ्यात एक तांबट डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर पडला. त्र्यंबक ताडकन उठला. “जाता का?”

“छे छे, भलतंच काय! येतो!” तांबट म्हणाला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला.

मागून कासारीण निघाली. “येते हं, म्हाळसाबाई!” मग एक अख्खं वऱ्हाड निघालं. “येतो आम्ही!”

“वऱ्हाडच्या वऱ्हाड येतंय, महाराज!” त्र्यंबक म्हणाला.

“अरे गाढवा, पाठमोरी दिसतायत ती! जातायत!”

“दिसतं मलाही तसंच. पण हुकुमात ‘जातो’ आहे, आणि तोंडाने तसं कुणीच म्हणेना. ‘येतो’चं ‘जातो’ मी करायचं म्हणजे शब्द बदलणं आलं!” त्र्यंबकने मिशी घट्ट धरली.

महाराज म्हाळसावर उखडले. “ही तुझी शिकवण!”

“माझी कशाला? ज्याला त्याला त्याच्या आईने शिकवलंय. कुणाच्या उंबऱ्यावरून ‘जातो’ म्हणून कोण निघेल? तुम्ही निघाल?”

“निघू की! आम्हीही मुक्काम केलाय. आत्ता म्हणतो आणि पहिली पट्टी आम्हीच भरतो. मग बघतो कोण भरत नाही ते! आणि मग तुझ्या खानावळीलाही कुलूप!”

महाराज जोडे चढवून उंबऱ्यावर उभे राहिले. “ऐका रे! आम्ही जा...”

“अहो!” राणीसाहेब किंचाळल्या. त्यांनी मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. “सकाळच्या प्रहरी असलं अभद्र बोलाल तर खबरदार!”

“अहो, पण हुकूम...”

“चुलीत घाला तो हुकूम!”

महाराजांनी पुन्हा जोर केला. “आम्ही जा... जा... जायफळ!” त्यांना दरदरून घाम फुटला. अखेर महाराज अगदी बारीक आवाजात म्हणाले, “आम्ही येतो.”

“महाराजसुद्धा येतायत!” त्र्यंबकने दवंडी दिली.

“या हो, महाराज!” म्हाळसाने हात जोडले. “जो ‘जातो’ म्हणेल, त्याला मी स्वतः धरून दरबारात हजर करीन. तोवर ती पेटी इथंच राहू द्या. कोंबड्यांना अंडी घालायला बरी पडेल!”

महाराज आधी फुरफुरले, मग खुदकन हसले, आणि मग असे खदाखदा हसले की पागोटं गळ्यात आलं. पट्टी तिथल्या तिथे रद्द झाली. राणीसाहेबांनी हातातले सोन्याचे गोठ काढून म्हाळसाला घातले. डोळे पुसत महाराज फाटकापर्यंत गेले आणि गर्रकन मागे वळले.

“आम्ही येतो म्हटलं होतं ना? हे बघ, आलो! वाढ पान!”