रिकामा बार

"उस्ताद, आवाज ऐकलात का? आहे का असा तालमीत कुणाच्या बंदुकीला?"

ऋतुजाला आनंद लपवता येत नव्हता. नळीच्या तोंडातून निळसर धूर निघत होता. आजोबांच्या वेळची हवेची बंदूक तिनं स्वतः उघडली होती, आत नवी दणकट स्प्रिंग बसवली होती आणि सढळ हातानं तेल पाजलं होतं.

दसऱ्याला सांगलीकरांशी सामना होता. कुणाची जोड कुणाशी लावायची हे शिकलगार उस्ताद आज ठरवणार होते. उद्या खंडेनवमी. बंदुका पूजेला मांडल्या की सामन्यापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, ही तालमीची रीत. त्यामुळे जे काय व्हायचं ते आजच. आजवर राखीव म्हणून बाकावर बसून ऋतुजा अगदी विटली होती.

उस्ताद सावकाश चालत निशाणाच्या कागदापाशी गेले. पाच छर्रे पाच दिशांना पांगले होते.

"आवाज ऐकला," ते म्हणाले. "नेम कुठाय?"

"वाऱ्यानं..."

"पान हलंना झालंय पोरी."

त्यांनी सतरंजीवर बंदूक उघडली. नळीतून फडकं ओढलं, ते काळंकुट्ट निघालं.

"तेल जळतंय आत. तुला वाटलं, जोर आला." उस्ताद हसले. "अगं, बंदूक खोकतीय."

त्यांनी सगळं तेल पुसून काढलं. नवी स्प्रिंग बाजूला ठेवली आणि जुनी पुन्हा बसवली.

"ती दमलीय हो!"

"मार तरी."

ऋतुजानं तोंड वाकडं करून नवा कागद लावला आणि नेम धरला. या वेळी आवाज कसला, नुसतं ठप्प. धूर नाही, धक्का नाही. पाचही छर्रे मारून ती कागदाकडे धावली आणि बघतच राहिली. पाचही भोकं तिच्या अंगठ्याखाली झाकली जात होती!

मग काय विचारता! ती नाचली, शिट्टी मारली, आणि त्याच भरात परत येऊन नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणली, नळी मिटली आणि समोरच्या मातीच्या ढिगाकडे रोखून चाप ओढला. छर्रा न भरताच.

खण्ण!

"अगं ए!" कधी आवाज न चढवणारे उस्ताद ओरडले.

"रिकामीच होती की! कुणाला लागणार होतं?"

"तिला लागलं." त्यांनी बंदूक काढून घेतली. "पुढं छर्रा असला की हवा कोंडती. त्या हवेवर टेकून आतला दट्ट्या थांबतो. पुढं कुणी न्हाईच म्हटल्यावर... सगळ्या जोरानं लोखंडावर आपटतो. फुटतो."

ऋतुजा बंदुकीवर वाकली.

"फुटला?"

उस्तादांनी छर्रा भरला, खांद्याला लावून बार काढला. कान देऊन ऐकलं. कागदावरची पाच भोकं सहा झाली.

"वाचला."

तिचा जीव भांड्यात पडला. पण गप्प बसेल ती ऋतुजा कसली!

"मग माझी जोड, उस्ताद? सांगलीकरांच्या त्या नवशिक्या पोराशी लावा. हमखास मारते त्याला! एकदा जिंकले की मग मला कोण थांबवतंय बघू!"

"तुझी जोड मालन आवटीशी."

ऋतुजा एकदम गार पडली. मालन म्हणजे सांगलीची पहिल्या नंबरची नेमबाज. या मैदानावर ती अजून हरलेली कुणी पाहिली नव्हती.

"मालनताई? ती मला एक पाऊल पुढं सरकू द्यायची नाही!"

उस्तादांनी बंदूक पुसायला घेतली.

"बोला की उस्ताद!"

उस्ताद बंदुकीला पूजेचं लाल फडकं गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"घाबरतीस कशाला? तुझ्यापुढं छर्रा भरलाय समज."