हरबानं पिकअप खिंडीवर नेली त्याची गोष्ट

नऊ फेब्रुवारी. पहाटे गारठा, नंतर स्वच्छ ऊन. वारा नाही. डोंगर धुतल्यासारखा दिसत होता.

आमचं उंबरणे गाव खिंडीच्या पायथ्याशी आहे. या गावात हरबा नावाचा एक भोळा माणूस राहतो. तो कुणाचं वाईट करत नाही. कुणी काही सांगितलं की ऐकतो, आणि सांगितलं तसंच करतो. त्याचं सगळं दुखणं एवढंच आहे.

हरबाकडे एक जुनी पिकअप आहे. ती त्याच्या वडिलांनी घेतली होती. तिनं उसाचं बेणं वाहिलं, गणपती वाहिले, शेजारच्या गावाची भांडीकुंडी वाहिली. हरबाची वरातही तिच्यातूनच आली. पठारवाडीहून यमुनाबाई नवरी होऊन याच गाडीत बसल्या आणि खिंडीतल्या बैलगाडीच्या वाटेनं खाली उतरल्या. पुढं ती वाट पावसानं खरवडून नेली. लोक पलीकडच्या पेठेवरून वळसा घालून एस.टी.नं पठारवाडीला जाऊ लागले. पिकअप दारातल्या शेवरीच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. इंजिनाशेजारी एक कोंबडी अंडी घालू लागली.

पेठेतला बबन भंगारवाला दर आठवड्याला गावात फेरी मारायचा. जाताना पिकअपच्या बॉनेटवर टिचकी मारून हरबाला म्हणायचा,

"नाना, द्या आता. माझं अंगण बघा येऊन. नवा वजनकाटा बसवलाय. पाण्याची पातळी लावून जमीन केलीय. तालुक्यात एवढी सपाट जागा दुसरी नाही. आणि माझ्या काट्यावर चढलेलं लोखंड आजवर परत गेलेलं नाही."

हरबा म्हणायचा, "बघू."

मग यमुनाबाईंच्या भावानं पठारवाडीत नवं घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. त्या दिवशी यमुनाबाई शेवरीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघा. मला या गाडीतून, आपल्या जुन्या वाटेनं, माझ्या भावाच्या दारात नेऊन उभं करा. केलंत, तर गाडी जन्मभर ठेवा. मी तिला दसऱ्याला हार घालीन. नाही केलंत, तर बबनला देऊन टाकायची. दारातली ही अडगळ मला आता बघवत नाही."

हरबा कोंबडीकडे बघत म्हणाला, "बरं."

तो दस्तगीर मिस्त्रींकडं गेला. मिस्त्रींनी डोंगरात चढणाऱ्या बऱ्याच गाड्या बांधल्या आहेत. त्यांनी पिकअप बघितली, भोवती फिरले, खाली वाकले.

"हाडं चांगली आहेत हिची," ते म्हणाले. "होईल. आधी एक कर. जे गंजलंय ते सगळं काढून टाक. मग मी बघतो."

"जे गंजलंय ते सगळं?"

"सगळं."

हरबानं ध्यानात ठेवलं.

मिस्त्री परत आले तेव्हा शेवरीखाली चार चाकं होती, सांगाडा होता, इंजिन होतं, स्टिअरिंग होतं, सीट होती आणि कोंबडी होती. दरवाजे नव्हते. टप नव्हता. पाठीमागचा हौदा नव्हता. हँडब्रेक नव्हता. गोठ्याचं फाटक आणि यमुनाबाईंचा जुना तवाही नव्हता, कारण तेही गंजले होते.

"अरे बाबा," मिस्त्री खाली बसत म्हणाले, "गंजलंय म्हणून कुणी गाडी काढून टाकतं का? जे गंजानं खाऊन टाकलंय तेवढंच काढायचं. बाकीचं घासायचं आणि वर लाल प्रायमरचे दोन हात द्यायचे. ध्यानात ठेव. मळकं काही दिसलं की घासायचं आणि दोन हात द्यायचे."

"बरं," हरबा म्हणाला. आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दरवाजे परत बसले. हौदा बसला. टप मात्र खरंच चाळण झाला होता, म्हणून गाडी उघडीच राहिली. हँडब्रेकची तार मिस्त्री मागवणार होते. मग त्यांनी हरबाला एअर फिल्टर काढून साफ करायला सांगितला आणि जेवायला गेले.

फिल्टर धुळीनं मळला होता. हरबानं तो घासला आणि लाल प्रायमरचे दोन हात दिले. आतूनही दिले. उन्हात वाळवला आणि बसवला. इंजिन सुरू केलं. ते खोकलं, गुदमरलं आणि गप्प झालं.

मिस्त्रींनी झाकण उघडलं. लाल फिल्टर बाहेर काढला.

"हरबा, यातून इंजिन श्वास घेतं. रंगवलास तर घेणार कसं? हवा आरपार गेली पाहिजे. एका बाजूनं फुंक मारायची, दुसऱ्या बाजूनं हवा निघाली तर सामान चांगलं. नाही निघाली तर भोकं मोकळी करायची."

"फुंक आरपार," हरबा म्हणाला. आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरवाटेचे टायर आले. जाड, खोल नक्षीचे, गाडीच्या कमरेपर्यंत येणारे. सगळं गाव बघायला आलं. हरबानं पहिल्या टायरच्या हवा भरायच्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंक मारली. दुसऱ्या बाजूनं काही निघालं नाही. दुसऱ्यातून नाही. तिसऱ्यातूनही नाही.

"सगळे तुंबलेत," तो म्हणाला. त्यानं सायकलचा आरा चुलीत लाल केला आणि चारी टायरांना ओळीनं भोकं पाडली. भोकं सुरेख आली होती. एका रांगेत, एका मापाची.

मिस्त्रींनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"टायरातली हवा आतच राहायला पाहिजे रे. बाहेर नाही. टायर टणक पाहिजे. अंगठ्यानं दाबून बघायचं. दबलं की भरायचं. दगडासारखं लागेपर्यंत भरायचं."

"आधी का नाही सांगितलं?" हरबानं विचारलं.

"मला वाटलं तुला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार? मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मिस्त्रींनी बाह्या वर सारल्या. नव्या ट्यूब बसल्या, भोकांना आतून ठिगळं लागली, टायर टणक झाले. हरबानं अंगठ्याचं ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी त्यानं सबंध गाडी अंगठ्यानं तपासली. बॉनेट दबलं नाही. दरवाजे दबले नाहीत. सीट दबली. हरबानं तिची शिवण उसवली आणि रस्त्याच्या कामावरची खडी आणून आत ठासली. मग कोंबडी दाबून बघितली. तीही दबली. तिला त्यानं ज्वारी घातली, परत दाबली, परत ज्वारी घातली. ती काही टणक होईना. शेवटी तिनं त्याच्या अंगठ्याला चोच मारली आणि तपासणी संपली.

यमुनाबाई हौसेनं सीटवर बसल्या आणि तशाच उठल्या.

"हे काय आहे?"

"दगडासारखी झालीय," हरबा अभिमानानं म्हणाला.

"अहो, माणसाचं अंग टेकतं तिथं मऊ पाहिजे. खडी काढा, कापूस भरा. जिथं जिथं अंग टेकतं तिथं मऊ. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

"आता कळली," हरबा म्हणाला. आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

सीटमध्ये कापूस आला. मग हरबा विचार करत बसला. अंग आणखी कुठं टेकतं? हात टेकतात स्टिअरिंगला. त्यानं स्टिअरिंगला जुनी गोधडी गुंडाळली. तळवा टेकतो गिअरच्या गोट्यावर. त्यावर कानटोपी चढवली. पाय टेकतो ब्रेकवर. ब्रेकच्या पेडलखाली त्यानं यमुनाबाईंच्या माहेरची उशी बसवली, चांगली फुगलेली.

मग गाडी सुरू करून खळ्यावर एक फेरी मारली. वळणाशी ब्रेक दाबला. पाय पेडलसकट उशीत बुडाला. फार सुख वाटलं. गाडी सरळ गेली आणि पाटलांच्या उकिरड्यात कमरेपर्यंत शिरली.

"कशी वाटली गाडी?" काठावरून मिस्त्रींनी विचारलं.

"मऊ."

मिस्त्रींनी उशी ओढून काढली. "ब्रेकखाली मोकळं पाहिजे. पेडल दाबलं की गाडी तिथल्या तिथं उभी राहिली पाहिजे. चढावर जा, दाबून बघ. पुन्हा पुन्हा दाबून बघ."

हरबानं गाडी धुतली आणि खिंडीच्या पहिल्या चढावर नेली. थोडं चढायचं, दाबायचं, उभं राहायचं. गाडी ऐकत होती. कोंबडी मागच्या हौद्यात बसून बघत होती. तेवढ्यात वरून देशमाने गुरुजी काठी टेकत उतरले. हरबा त्यांच्या हाताखाली शिकला होता. गुरुजी दिसले की उभं राहायचं, हे त्यानं पहिलीत ध्यानात ठेवलं होतं.

गाडीला टप नव्हता. हरबा सीटवर सरळ उभा राहिला. दोन्ही पाय पेडलवरून उचलले. दोन्ही हात जोडले.

"नमस्कार गुरुजी."

"नमस्कार हरबा," गुरुजी म्हणाले. "कुठं निघालास?"

हरबा मागं निघाला होता. गाडी चढावरून उलटी घसरू लागली. हात जोडलेला हरबा लहान लहान होत गेला. वळणावर करंजीला घासून, बांधावरून उडून गाडी ओढ्यात जाऊन बसली. पाणी गुडघाभर होतं. हरबा अजून उभाच होता, कारण गुरुजींनी खाली बस म्हटलं नव्हतं.

या खेपेला मिस्त्री चिडले. त्यांनी हरबाला आणि यमुनाबाईंना समोर बसवलं.

"नीट ऐक. चढावर थांबायचं नाही. उतारावर थांबायचं नाही. गुरुजी भेटोत, नाहीतर देव भेटो. एकदा निघालास की निघालास. मागं बघायचं नाही. सपाट जमीन लागली की मगच थांबायचं."

"सपाट आहे हे कसं कळायचं?"

मिस्त्रींनी वास्तुशांतीसाठी भरलेल्या पूजेच्या ताटातलं एक लिंबू उचललं आणि गाडीच्या काचेखालच्या फळीवर ठेवलं. "हे लिंबू गडगडायचं थांबलं की सपाट. तेव्हा थांब. त्याच्या आधी नाही."

"मिस्त्री सांगतात तसंच करा," यमुनाबाई म्हणाल्या. "अक्षरशः तसंच. तुमचं डोकं मधे घालू नका."

"नाही घालत," हरबा म्हणाला. आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

आज वास्तुशांत. सकाळी गाडीच्या चाकांना हळदकुंकू लागलं. यमुनाबाई हिरवं लुगडं नेसून, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन बसल्या. कोंबडी हौद्यात चढली, तिला कुणी उतरवलं नाही. लिंबू फळीवर गडगडू लागलं आणि गाडी निघाली.

आणि गाडी चढली, हे सांगितलंच पाहिजे. खरवडलेल्या वाटेवर बैलाएवढे धोंडे होते. एक चाक धोंड्यावर, एक हवेत, दोन मातीत, अशी ती गुरगुरत वर सरकत होती. घळीशी ती इतकी कलली की यमुनाबाईंनी एका हातानं डबा धरला आणि दुसऱ्या हातानं हरबाचा कान. हरबा थांबला नाही. करवंदीच्या जाळीतून, झऱ्याच्या निसरड्यातून, शेवटच्या कातळावरून ती धाडकन वर आली आणि खिंडीत शिरली. यमुनाबाई हसत होत्या. नवरी होऊन उतरताना त्या याच वाटेवर रडल्या होत्या. आता हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, आली की हो तुमची गाडी. राहिली आता जन्मभर."

"अजून दारात उभी राहायची आहे," हरबा म्हणाला.

पठारवाडी खिंडीच्या पलीकडच्या उतारावर आहे. नाव पठार, पण सगळी वाडी उतरती. दारात यमुनाबाईंचा भाऊ शिवराम फेटा बांधून उभा होता. भावजय भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयार होती. अख्खी वाडी रस्त्याला आली होती.

"दाजी आले," शिवराम ओरडला. "आक्का आली. खिंडीतनं आली."

गाडी दारासमोर आली. हरबानं लिंबाकडे बघितलं. लिंबू गडगडत होतं.

गाडी दारावरून पुढं गेली.

"अहो, आलं घर. थांबवा."

"सपाट नाही."

"अहो, दार गेलं."

"लिंबू बघ."

शिवराम फेटा सावरत बाजूनं पळू लागला. "दाजी, काय चुकलं का आमचं? मानपान राहिला का?"

"काही नाही. छान घर झालंय," हरबा समोर बघत म्हणाला. भावजय भाकरतुकडा ओवाळत चार घरं पळाली. मग तिनं तो अंदाजानं गाडीच्या मागं फेकला. कोंबडीनं झेलला.

"अहो, माझं माहेर गेलं."

"गेलं कुठं? आहे तिथंच आहे, मागं. मागं बघायचं नाही."

पुढं पेठेचा डांबरी उतार लागला. यमुनाबाईंनी देवळासमोरचं पटांगण दाखवलं. लिंबू उजवीकडे गडगडलं. शाळेचं मैदान दाखवलं. लिंबू डावीकडे गडगडलं. एस.टी. थांबा दाखवला. लिंबू त्यांच्या ओटीत पडलं. हरबानं ते मागून घेतलं आणि परत जागेवर ठेवलं. यमुनाबाईंनी मिस्त्रींना, लिंबाला आणि स्वतःच्या जिभेला नावं ठेवली. मग पेठ आली. रस्ता वळला. एक मोठं फाटक उघडं होतं. गाडी आत शिरली.

लिंबू थांबलं.

हरबानं ब्रेक दाबला. गाडी तिथल्या तिथं उभी राहिली, जराही हलली नाही. समोरच्या पत्र्याच्या खोलीतून बबन भंगारवाला चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"नाना," तो म्हणाला, "स्वतः चालवत आणलीत?"

"सपाट आहे," हरबा यमुनाबाईंना म्हणाला.

गाडीखालच्या काट्यावर आकडा उमटला: एक हजार चारशे अठ्ठावीस किलो. हरबा, यमुनाबाई, पुरणपोळ्यांचा डबा, कोंबडी आणि लिंबू धरून.