महाराजांचं पितळी बटण

वाघेरीच्या महाराजांच्या झुंबराचं पितळी बटण तिसऱ्यांदा जळालं आणि खापर फुटलं भिवाच्या माथी. भिवा मूळचा मोटकरी, नाड्याच्या जाड दोराने विहिरीतून मोट ओढणारा; महाराजांनी त्याला उचलून बटणाचा राखणदार केला होता. झुंबर लावायचा महाराजांना भारी नाद! पाहुणा आला की खट्, गेला की खट्, आणि कोणीच नसलं तर उगाच खट्.

मुंबईच्या इंजिनिअरने समजावून पाहिलं. तुमची वीज एकाच दिशेने वाहते. खट् केलं की ठिणगी पडते आणि बटणाच्या एका टोकाचं पितळ खरवडून दुसऱ्या टोकाला चिकटवते. एकीकडे खड्डा, दुसरीकडे टेंगूळ. उलटसुलट फिरणारी वीज घ्या, झीज दोन्हीकडे सारखी होईल, बटण टिकेल.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. वाघेरीत दिलेला शब्द फिरत नाही, तिथे वीज फिरणार? इंजिनिअरची त्याच दुपारी टांग्यातून रवानगी झाली. भिवाला हुकूम मिळाला: वीज सरळच वाहील, खट् कमी होणार नाही, तरी नवं बटण दसऱ्यापर्यंत टिकवायचं. नाहीतर संस्थानाबाहेर चालतं व्हायचं.

भिवाने जेवण सोडलं. त्याची लेक तुळसा झुंबराचे लोलक पुसायची. तिला मात्र हसू आवरेना. जेवून घ्या, म्हणाली, आणि दर सोमवारी डायनामो तेल घालायला थांबला की मला हाक मारा.

दसरा उजाडला. महाराजांनी भर दरबारात शंभरदा खट् केलं, झुंबर शंभरदा लखलखलं. बटण उघडून पाहतात तर ना खड्डा, ना टेंगूळ! भिवाने लेकीकडे बोट दाखवलं.

"पोरी, आमची वीज फिरवलीस?" महाराज गरजले.

तुळसा पदर खोचून पुढे आली.

"न्हाई महाराज. मोटंचा नाडा एका टोकाला झिजतो, म्हून आबा त्यो अधनंमधनं सोडून उलटा बांधायचे. त्यापायी हीर कुणी उलटी केली न्हाई. म्या बी दर सोमवारी निस्तं बटण काढून उलटं बसवलं. ह्या आठवड्यात गेलेलं पितळ पुढच्या आठवड्यात माघारी!"

"आणि आमचा हट्ट?"

"त्याला हात लावला न्हाई, महाराज. त्यो हाय तसाच सरळ हाय."

महाराज असे हसले की पगडी मांडीवर आली. भिवाला शेला मिळाला, तुळसाला डायनामोघराच्या किल्ल्या. आणि हसता हसता महाराजांचा हात पुन्हा बटणाकडे गेला. खट्!