आवडीच्या अंड्याचा कौल

खाडीच्या तोंडाशी आंबशेत नावाचे गाव आहे. तेथे पाणवठ्यावरच्या उंडीच्या झाडाखाली एक महाराज राहत. स्वतःचे नाव ते कधी सांगत नसत, म्हणून लोक त्यांना पाणवठे महाराज म्हणू लागले. येणाऱ्या बायकांच्या भरल्या घागरी डोक्यावर चढवून द्यायच्या, एवढीच त्यांची साधना दिसे. खालच्या वाडीतली आवडी नावाची विधवा रोज त्यांच्यापुढे वाडगाभर पेज ठेवी. गावचे विसाजी खोत यावरून हसत. "कोंबड्या पाळणारीची पेज ओरपणारा कसला आलाय महाराज!" असे ते चारचौघांत म्हणत. महाराजांच्या कानावर हे जाई, आणि ते पेज संपवून वाडगा विसळून ठेवत.

भाद्रपदात एके सकाळी आवडीने खुराड्यात हात घातला, तो बोटांना काहीतरी मऊ, गार लागले. बाहेर काढून पाहते तर अंडेच, पण त्याला कवच नव्हते! पातळ कातडीआड बलक हलताना दिसत होता. दुसऱ्या दिवशी तशीच तीन निघाली. आवडीच्या अंगावर काटा आला. तिची लेक सुंदरा बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आले होते. तिने ते अंडे पाहिले आणि पोटावर हात ठेवून ती कोपऱ्यात बसली.

"आये, माजं बाळ बी असंच..."

अशी बातमी झाकून राहते थोडीच! खोत पारावर म्हणाले, "त्या घरात करणी आहे. आज अंड्याला कवच नाही, उद्या आपल्या पोरांना हाडं नसतील." झाले! वाडीतल्या आयांनी दारे लावून घेतली. आवडी विहिरीवर आली की बायका दोर टाकून निघून जात. चौथ्या दिवशी खोतांनी कौल ठरवला.

आंबशेतचा कौल जुना होता. करणीचा आळ आलेल्या बाईने देवीच्या सात पायऱ्यांवरून आपल्या खुराड्यातले अंडे खाली सोडायचे. शाबूत पोचले तर ती निर्दोष, फुटले तर तिने घरच्यांसह त्याच दिवशी गाव सोडायचे. आता जांभ्याच्या पायऱ्यांवरून अंडे कधी शाबूत उतरेल का? पण हे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती. पूर्वी दोन बायका अशा गेल्या. त्यांतल्या एकीचे नुसते लुगडे मिळाले, खाडीपलीकडच्या चिखलात.

आवडी धावतच पाणवठ्यावर आली. "म्हाराज, खाडीला उधाण हाय. भरल्या दिवसांची पोर घेऊन मी कुठं जाऊ? चांगल्या अंड्याचा तिथं टिकाव लागत नाय, आन् माजं तर हे असलं!"

महाराजांनी ते लिबलिबीत अंडे तळहातावर घेतले. "तुझ्या कोंबड्या पूर्वी चरायला कुठे जात, बाई?"

"खोतांच्या चुन्याच्या भट्टीकडं. शिंपल्यांचा चुरा टिपायच्या. औंदा त्यांनी भोवती काट्यांची वई घातली. म्हणाले, देवळाचा चुना कोंबड्यांनी इटाळायचा नाय."

महाराजांनी अंडे बोटाने अलगद दाबून पाहिले. मग म्हणाले, "भिऊ नकोस. घरात जे आहे तेच ने. मी येतो."

उन्हे कलताना सारा गाव देवळापुढे जमला. आवडी अंडे घेऊन वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली सुंदरा डोळे मिटून बसली होती. महाराज शेवटच्या पायरीशी उभे होते. आवडीने त्यांच्याकडे पाहिले आणि अंडे सोडले.

अंडे पहिल्या पायरीवर दबले, पसरट झाले, पुन्हा गोल झाले. दुसरी. तिसरी. चौथीच्या धारदार कडेवर ते क्षणभर अडकले आणि आवडीच्या तोंडून हुंदका फुटला. पण कातडी फाटली नाही! पाचवी, सहावी, सातवी... आणि ते महाराजांच्या पायाशी येऊन थांबले. शाबूत!

"हा कौल नव्हे, फसवणूक आहे!" खोत ओरडले. "माझ्या घरचं अंडं आणा. खरं, कवचाचं."

बायकांत उभ्या असलेल्या खोतीणबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. "कुठून आणू?" त्या कशाबशा म्हणाल्या. "आपल्याही कोंबड्या आठ दिवस अशीच अंडी घालताहेत. मी उकिरड्यात पुरते आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मलाही त्या पायरीवर उभं केलं असतं म्हणून."

खोतांचा चेहरा पांढराफटक पडला. ते महाराजांच्या पायांकडे वाकले, पण महाराज मागे सरले. "करणी नाही, खोत. तुमच्या वईमुळे चुन्याचा कण मिळाला नाही, तर कोंबडी, हिची काय नि तुमची काय, कवच कशाचं करणार? पण नमस्कार नंतर. आधी वर जा आणि तिथून खाली बघा."

खोत सात पायऱ्या चढले, वळले. सारा गाव मान वर करून त्यांच्याकडे पाहत होता. त्याच जागेवरून त्या दोन बायकांनीही असेच पाहिले असेल, हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळले. कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरले आणि आवडीच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखे रडले. "बाई, मला क्षमा कर!"

त्याच संध्याकाळी खोतांनी आपल्या हातांनी वई उपटली. काटे लागून हात रक्ताळले तरी थांबले नाहीत. पंधरवड्यात आवडीच्या खुराड्यात पहिले टणक अंडे आले, आणि त्याच दिवशी सुंदराला मुलगी झाली, चांगली लाथा झाडणारी! पाचवीला चुन्याची टोपली घेऊन खोत स्वतः आवडीच्या दारी आले आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी हात जोडले. त्या पायऱ्यांवरून पुन्हा कधी अंडे सोडले गेले नाही. पाणवठे महाराजांची कृपा, दुसरे काय!