लगोरी आणि थंड चहा

सांगलीच्या हेमांगी कुरणेनं फावल्या वेळात मोबाइलवर लगोरीचा खेळ बनवला होता. तेवढ्याच भांडवलावर ती पुण्यात नोकरी मागायला गेली. कंपनीचे मालक देवस्थळी बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवत.

"खेळ काय, पोरंटोरंही बनवतात! इथं गंभीर काम चालतं," असं म्हणत ते चुका काढायला तिचा खेळ उघडून बसले.

चहा आला, त्यावर साय धरली. देवस्थळी लगोरी रचतच होते.

"तर मग," मान वर न करता त्यांनी विचारलं, "अनुभव काय तुमचा?"

हेमांगी मग शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचं सॉफ्टवेअर लोक पगार मिळतो म्हणून वापरतात. माझा खेळ तुम्ही चहा थंड करून खेळताय. हाच माझा अनुभव."

देवस्थळींनी तिला कामावर घेतलं. अर्थात, हातातला डाव संपल्यावर.